जपान अभ्यास केंद्राच्या मॅडमना खुलं आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

केंद्रातून जपानला गेलेल्या आणि जाऊ घातलेल्या सगळ्यांच्या वतीनं हे पत्र.

अभ्यासविषयाच्या रकान्यात नुसतं ‘जपानी संस्कृती’ लिहिलेला एकही अर्ज तुम्ही पुढे जाऊ दिला नाहीत. इतक्या पसरट विषयाला तिकडे मार्गदर्शक मिळणं अवघड, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. प्रश्न आपल्या मातीतून शोधा, असा तुमचा आग्रह. जपानच्या मेइजी सरकारनं १८७३ साली जमिनीच्या किमतीवर ३ टक्के रोख कर बसवला आणि शेतकऱ्यांच्या उठावांनंतर १८७७ मध्ये तो अडीच टक्क्यांवर आणला. इकडे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांची कर्जखतं जाळली गेली. रयतवारीतला, म्हणजे शेतकऱ्यानं थेट सरकारला द्यायचा, साराही रोखीतच भरायचा होता. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचायला तुम्ही शिकवलंत. वर्षभरात पेलेल असा विषय तिथून निघतो.

कागदांच्या बाबतीतही तीच नजर. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात. जेएलपीटीचा, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेचा, अर्ज गुणपत्रिका पाहून भरला की प्रमाणपत्रावर तिसराच क्रम उमटतो. म्हणून आधी पासपोर्ट समोर, मग फॉर्म.

शेतकरी पालकांच्या मुलांसाठी तुम्ही जे केलंत त्याला तोड नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे दाखवायला आयकर विवरणपत्र नसतं. हाती असतो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा, दोन्ही मराठीत. सीओईच्या, म्हणजे जपानच्या व्हिसाआधी लागणाऱ्या पात्रता प्रमाणपत्राच्या, अर्जासाठी त्यांचा जपानी अनुवाद तुम्ही ओळीगणिक तपासलात. क्षेत्र हेक्टर-आरमध्येच ठेवलंत, एकर केले नाहीत, कारण अनुवादातला आकडा मूळ उताऱ्याशी जुळलाच पाहिजे. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकरकमी पैसे भरू नका, हेही पालकांना फोन करून सांगितलंत. अशी रक्कम दिसली की ती आली कुठून, हा प्रश्न येतोच.

सीओई हाती आल्यावर ३ महिन्यांत जपानमध्ये उतरायचं, पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड कार्यालयात नोंद करायची, परवानगीशिवाय अर्धवेळ काम धरायचं नाही आणि परवानगी मिळाली तरी सत्रात आठवड्याला २८ तासांच्या वर जायचं नाही, ही तुमची चिठ्ठी प्रत्येकाच्या पासपोर्टात आहे.

मेक्स्टची, म्हणजे जपानच्या शिक्षण मंत्रालयाची, जपानी भाषा-संस्कृतीची शिष्यवृत्ती संपली की परत येऊन शिक्षण इथेच पुढे चालू ठेवावं लागतं. शेवटच्या वर्षाला चौकशी करणाऱ्याची संधी त्यामुळे हुकते. म्हणून तुम्ही प्रथम वर्षाच्या वर्गात स्वतः येऊन हे सांगता. त्याबद्दल वेगळे आभार, कारण ही माहिती वेळेत सांगणारं माणूस फार थोड्या महाविद्यालयांत असतं.

सातबाऱ्याच्या अनुवादाचा नमुना आम्ही टंकून केंद्राच्या फाइलीत लावला आहे. जिल्ह्यातल्या इतर महाविद्यालयांनी मागितला तर जरूर द्यावा, ही विनंती.

आपले,
केंद्राचे विद्यार्थी