वणवा मार्चअखेरची वाट पाहत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या तालुक्यातल्या वृक्षारोपणाचे छायाचित्र आले. ती रोपे जगोत, असे मनापासून वाटते. पण ज्या डोंगरावर ती लावली, त्याच्याच पलीकडच्या अंगाला आपोआप उगवून आलेली ऐन, किंजळ, जांभळाची रोपटी गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाडीतल्या मुलांनी वणव्यातून वाचवली. झाड लावताना फोटो निघतो. वाचवताना रात्र असते आणि दोन्ही हातांत ओली फांदी असते. त्या मुलांना लागणाऱ्या थोड्याशा पैशांविषयी हे पत्र लिहीत आहे.

मी संगमेश्वर तालुक्यातला निवृत्त माध्यमिक शिक्षक. कोकणात भात कापून झाले की डोंगरावरचे गवत वाळायला लागते आणि जानेवारीपासून मेअखेरपर्यंत कुठे ना कुठे धूर दिसतो. वणवा क्वचितच आपोआप लागतो. रस्त्याकडेला टाकलेली बिडी, नवे गवत चांगले यावे म्हणून कुणी लावलेली काडी, भाजावळ करताना, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजताना, वाऱ्याने पलीकडे गेलेली ठिणगी, एवढे पुरते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे. सातबाऱ्यावर वीस-वीस नावे, त्यातली पंधरा मुंबईत. वनखात्याची हद्द नसल्यामुळे वनरक्षक तरी किती ठिकाणी धावणार? मग आग विझवायला जातात ती गावात राहिलेली मुले. कुणी रिक्षा चालवतो, कुणी देवरुखला आयटीआय करतो, दोघे आंब्याच्या हंगामात बागेत कामाला असतात. त्यांच्या कामाची वही लिहिणारी मुलगी बारावी झालेली आहे.

दोन वर्षांपूर्वीची फेब्रुवारीतली रात्र मी स्वतः पाहिली आहे. रस्त्याकडून लागलेली आग चढावर आली आणि देवराईच्या गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, पन्नास पावलांवर पोहोचली. देवराईत एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याची मादी बसलेली होती, हे मुलांना माहीत होते, कारण महिनाभर मुले नराच्या फेऱ्या वहीत नोंदवत होती. धनेशाची मादी अंडी घालण्याआधी ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड माती-विष्ठेने आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. आत बसल्यावर तिची उडण्याची पिसे गळतात. पिल्ले थोडी मोठी होईपर्यंत ती बाहेर येऊ शकत नाही, आलीच तर तिला उडता येत नाही. तिचे आणि पिल्लांचे सगळे अन्न नर आणतो. वणव्याचे महिने आणि तिचे हे कोंडून घेण्याचे महिने एकच.

त्या रात्री मुलांकडे करवंदीच्या आणि किंजळाच्या ओल्या फांद्या होत्या, मोबाईलचे टॉर्च होते, पायात चपला. झोडपून झोडपून आग गडग्याशी थांबवली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. एकाच्या चपलेचा तळ वितळून पावलाला चिकटला होता. तो सोडवताना त्याने तोंडातून आवाज काढला नाही, पण पुढचे पंधरा दिवस त्याला रिक्षा चालवता आली नाही. माझ्या हातात त्या वेळी फक्त पाण्याची कळशी होती.

दुसऱ्या वर्षी मुलांनी ठरवले की आग लागल्यावर धावायचे नाही, आधीच जाळरेषा काढायची. देवराईभोवती आणि रस्त्याच्या कडेने दहा-बारा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून, पालापाचोळा बाजूला सारून मोकळा करायचा, म्हणजे आग तिथे येऊन उपाशी मरते. हे काम डिसेंबरात सुरू करून जानेवारीत संपवावे लागते आणि पानगळ चालू असेपर्यंत पट्टा पुन्हा पुन्हा झाडावा लागतो. हाताने झाडायला आठ माणसांना जे चार दिवस लागतात, ते पाला उडवणाऱ्या ब्लोअरने दोघे एका दिवसात करतात. वहीतला त्या हंगामाचा खर्च मी जसाच्या तसा देतो: जुना ब्लोअर ९,५०० रुपये, पेट्रोल-ऑईल ३,८००, बुटांचे सहा जोड ४,२००, चार टॉर्च १,६००, कोयते-विळ्यांना दांडे आणि धार ९००, चहा-नाश्ता ३,०००. एकूण २३,००० रुपये. त्या उन्हाळ्यात देवराईपर्यंत आग आली नाही.

हे पैसे कुठून आले? थोडे शिमग्याच्या शिल्लकीतून, बाकीचे गावच्या दोन चाकरमान्यांनी दिले. त्याआधी आम्ही रीतसर मागून पाहिले होते. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामाला द्यायची असते, म्हणून अशा एका कंपनीच्या कार्यालयात मी मुलांना घेऊन गेलो. माणसे सौजन्याने बोलली. पण नोंदणीकृत संस्था हवी, आयकर सवलतीची १२अ आणि ८०जी प्रमाणपत्रे हवीत, तीन वर्षांचा अनुभव कागदावर हवा. हे नियम त्यांनी केलेले नाहीत, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. मग एका शासकीय कार्यालयात अर्ज दिला. तिथून उत्तर आले एप्रिलमध्ये, की प्रस्ताव पुढील आर्थिक वर्षात विचारात घेता येईल. तोवर शेजारच्या वाडीचा सडा, म्हणजे कातळाचे गवताळ पठार, आणि काजूच्या दोन बागा जळून गेल्या होत्या.

नोंदणी करून टाका, असा सल्ला बरेच जण देतात. संस्था नोंदवायची तर सात माणसे, घटना, नियमावली, धर्मादाय आयुक्तांकडे खेपा, दरवर्षी लेखापरीक्षण. तेवीस हजारांच्या कामासाठी लेखापरीक्षकाचीच फी काही हजार. शिवाय ही वयाने वीस-बावीसची मुले. त्यातली दोन पुढच्या वर्षी पुण्या-मुंबईला नोकरीला जातील, दोन नवी येतील. गट असाच वाहता राहणार. त्याला संस्थेच्या चौकटीत कोंबायचा अट्टहास का?

मी शाळेत असताना राष्ट्रीय हरित सेनेचे, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण गटाचे, काम बघत असे. केंद्राकडून शाळेला वर्षाला अडीच हजार रुपये मिळत, पुढे ते पाच हजार झाले. तेवढ्यात आम्ही रोपवाटिका केली, ओढ्याच्या पाण्याची तपासणी केली, गावातल्या पक्ष्यांची यादी केली. रक्कम लहान होती, पण ती आपल्या हातात आहे आणि कशावर खर्च करायची ते आपण ठरवायचे, यानेच मुले अंग मोडून काम करत. आज वणवा विझवणाऱ्यांतले तिघे ती यादी करणाऱ्या मुलांतलेच आहेत. शाळेत हरित सेना आहे, महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. पण दहावी-बारावी करून गावातच राहिलेला मुलगा किंवा मुलगी, जिला डोंगराची प्रत्येक पायवाट ठाऊक आहे, तिच्यासाठी एक पैशाची तरतूद नाही. आणि सगळ्यांत जास्त काम तीच करते!

थोड्या मदतीने गावातली मुले काय करू शकतात ते आपल्याच जिल्ह्याने दाखवले आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, म्हणजे नाना फडणविसांच्या गावात, २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. त्याआधी ही अंडी सर्रास उकरून नेली जात. गावातलीच माणसे पहाटे किनारा चालून घरटी शोधू लागली, अंडी कुंपणात सुरक्षित ठेवू लागली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरू लागले. तिथे संस्था पाठीशी होती, हे खरे. प्रत्येक गावाला अशी संस्था मिळत नाही. जागतिक पातळीवर १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत लहान अनुदानांचा एक कार्यक्रम चालतो, त्यात एका प्रकल्पाला हजारो डॉलरची रक्कम मिळू शकते. स्थानिक लोकांच्या हातात थेट पैसा द्यावा हा त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो. पण आमच्या वाडीला तेवढी रक्कम नकोच आहे, पेलवणारही नाही. आम्हाला दहा ते पंचवीस हजार हवेत, आणि ते दिवाळीच्या आत हवेत.

त्यासाठी नवे महामंडळ, नवे संकेतस्थळ काही लागत नाही. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि स्थानिक जैवविविधता निधीचीही तरतूद त्याच कायद्यात आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर राज्याराज्यांत या समित्या आणि गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवह्या घाईघाईने पुऱ्या करण्यात आल्या. आमच्या समितीच्या सदस्यांपैकी एकाला आपण सदस्य आहोत हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हते. या समित्यांना काम द्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावातल्या मुलामुलींच्या गटाने एका पानावर, मराठीत, काय करणार ते मांडावे. ग्रामसभेने होय म्हटले की महिन्याभरात रक्कम समितीच्या खात्यात यावी. हंगाम संपल्यावर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वही सर्वांसमोर वाचून दाखवावी.

पैसे खाल्ले जातील, अशी शंका कुणी घेईलच. गावात सगळे एकमेकांना ओळखतात; ब्लोअर घेतला की नाही हे कुणाच्याही खळ्यात जाऊन पाहता येते. गणेशोत्सवाचा आणि शिमग्याचा जमाखर्च आमची गावे पिढ्यान् पिढ्या अशीच उघड्यावर मांडत आली आहेत. मला धास्ती आहे ती वेगळीच. अनुदान आले की त्याबरोबर 'किती रोपे लावली' हा रकाना येईल आणि मुले आग अडवायचे सोडून खड्डे मोजायला लागतील. म्हणून चहा-नाश्ता, पेट्रोल, बूट यांवर खर्च करण्याची मोकळीक असलीच पाहिजे. अठरा वर्षांखालच्या कुणालाही आगीजवळ जाऊ देऊ नये, हा नियम आम्ही पाळतो आणि तो सक्तीचाच असावा. बाकीच्यांचा विमाही त्या रकमेतून उतरवावा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाखांचे संरक्षण मिळते. ज्याच्या पायाला चप्पल चिकटली, त्याच्याकडे हा विमा नव्हता. आम्हा मोठ्यांपैकी कुणाच्या ते लक्षात आले नव्हते आणि याची मला आजही लाज वाटते.

आमच्या जिल्ह्यात नऊ तालुके. प्रत्येक तालुक्यात दहा गटांना पंचवीस हजार दिले, तर साडेबावीस लाख होतात. ओढ्यावरच्या एखाद्या साकवाला, म्हणजे छोट्या पुलाला, याहून जास्त लागतात. पालकमंत्री आणि जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना आपल्या दैनिकामार्फत माझी कळकळीची विनंती आहे, की येत्या आराखड्यात एवढी रक्कम बाजूला काढावी. गट कुठले हे शोधायला अडचण पडणार नाही. फेब्रुवारीत रात्री डोंगरावर टॉर्चचे उजेड हलताना दिसतात, त्या वाडीत जाऊन विचारावे.

यंदाही धनेशाचा नर त्याच बेहड्यावर येऊन बसतो, असे वही लिहिणारी मुलगी काल सांगत होती. ब्लोअरचा कार्ब्युरेटर बिघडला आहे. दुरुस्तीला १,४०० रुपये सांगितले आहेत, आणि गवत कापायला दोन महिने उरले आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी