स्तनांची घनता स्त्रीला कळवा

महोदय,

मॅमोग्राफीचा (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचा) रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की बहुतेक जणी तो फाईलला लावून मोकळ्या होतात. त्यातच घनता ‘सी’ किंवा ‘डी’ असे लिहिलेले असते, पण त्याचा अर्थ, म्हणजे स्तन दाट आहेत, हे क्वचितच कुणी सांगते. मॅमोग्राममध्ये दाट ऊती पांढऱ्या दिसतात आणि कर्करोगाची गाठही पांढरीच, त्यामुळे ती सहज निसटते. चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या स्त्रियांचे स्तन असे दाट असतात, आणि हे हाताला कळत नाही. स्तनात इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेले कृत्रिम रोपण) असेल तर काही भाग त्याच्याआड जातो. मग ते मागे सारून जादा फोटो घ्यावे लागतात, म्हणून तंत्रज्ञाला आधीच सांगायला हवे.

दाट स्तन असलेल्या स्त्रियांना मॅमोग्राफीच्या जोडीला सोनोग्राफीचा पर्याय मिळायलाच हवा. तिच्यात क्ष-किरण नाहीत. पण ती मॅमोग्राफीऐवजी नको. कॅल्शियमचे बारीक ठिपके मॅमोग्राफीतच नीट दिसतात. सोनोग्राफीमुळे निरुपद्रवी गाठींच्याही बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) वाढतात, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून घनतेची माहिती लेखी देणे बंधनकारक आहे. हा नियम सगळीकडे व्हावा. तोवर वय आणि घराण्यातला इतिहास पाहून निर्णय घेताना डॉक्टरांनी त्या बाईलाही विचारात घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक