सशांसमोर स्पीकर कशाला?

संपादक महोदय,

ससे-गिनीपिगच्या प्रदर्शनाला यंदा आम्ही घरचे चौघं गेलो, दोन ससे आणि तीन गिनीपिग घेऊन, आणि खरं सांगायचं तर बक्षिसापेक्षा पंख्याचीच काळजी जास्त होती, कारण सशाला घाम जवळजवळ येतच नाही, अंगातली उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो. परीक्षकांनी धाकटीच्या सशाला टेबलावर उताणं धरून ओठ बाजूला केला, दात बघितले, मग पंजे, आणि एक नख मुळापासून गायब निघालं, झालं, बाद! पोरगी रडली नाही, गिनीपिगला ढोबळी मिरची भरवत बसली (त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही ना). पण हॉलमध्ये स्पीकर एवढा मोठ्याने कशाला? ससे कान पाडून कोपऱ्यात दबून बसलेले. आयोजकांनी पुढच्या वेळी तेवढा आवाज कमी करावा.

एक वाचक