पोथीतला दाखला आणि घरातले मूल

संपादक महोदय,

समलैंगिकतेची चर्चा निघाली की एक बाजू ‘हे आपल्या धर्मात बसत नाही’ म्हणते आणि दुसरी बाजू लगेच खजुराहोची शिल्पे व शिखंडीची कथा पुढे करते. मी दुसऱ्या बाजूचा आहे, तरीही हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एका कन्येने दुसरीशी संबंध ठेवल्यास २०० पण (त्या काळचे नाणे) दंड आणि १० फटके सांगितले आहेत. उद्या कोणी तो श्लोक काढून दाखवला, तर आपण काय म्हणणार? माणसाची प्रतिष्ठा दाखल्यावर टांगून ठेवली, की ती उलट्या दाखल्याने खालीही येते.

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध, समलिंगी संबंधांनाही गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत दिल्लीतील एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि काही ख्रिस्ती संघटना होत्या. एरवी एका मांडवाखाली न येणारी ही मंडळी या प्रश्नावर एकत्र आली आणि ११ डिसेंबर २०१३ रोजी जिंकलीही. त्यांच्यासमोर समलिंगी मुलामुलींचे आईवडीलही न्यायालयात उभे राहिले होते, आणि मला त्यांचे उत्तर सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यांनी आपल्या घराविषयी सांगितले. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, न्या. इंदू मल्होत्रा यांनी तर इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी, असे नमूद केले.

पण निकाल उंबऱ्याच्या आत पोहोचलेला नाही. माझ्या नात्यातील एका मुलाने घरी सांगितल्यावर त्याच्या दंडाला ताईत बांधला गेला, कुलदेवतेला नवस बोलला गेला आणि ‘लग्न झाले की सगळे ठीक होईल’ म्हणून स्थळे पाहायला सुरुवात झाली. त्याने ठाम नकार दिला नसता, तर त्याच्याबरोबर एका अनोळखी मुलीचेही आयुष्य नासले असते, याचा विचार त्या घरात कोणीही केला नव्हता. ही माणसे दुष्ट नाहीत. ती घाबरलेली, श्रद्धाळू माणसे आहेत. त्यांच्या देवाची टिंगल करून त्यांचे मन वळणार नाही, हे आपल्या बाजूच्या लोकांनीही ध्यानात घ्यावे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये समलैंगिकता ‘बरी’ करण्याचे उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. महाराज आणि मांत्रिक मात्र त्या नियमाबाहेर आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अशा मुलांच्या बाबतीतही पोलिसांनी त्याचा वापर करावा. आणि गावोगावच्या कीर्तनकारांना माझी हात जोडून विनंती आहे की, त्यांना समलिंगी संबंध मान्य नसले तरी हरकत नाही, परंतु अशा मुलाला घराबाहेर काढू नका आणि त्याचे फसवून लग्न लावू नका, एवढे तरी त्यांनी आपल्या निरूपणात सांगावे. न्यायालयाचा निकाल न वाचणारे आईवडील त्यांचे नक्की ऐकतात.

– एक वाचक, सातारा