तालुक्याचं शिक्षण ‘चार्ज’वर किती दिवस?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तालुक्यातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या गटशिक्षणाधिकाऱ्यांची पदं रिक्त असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारावरच्या पाटीवर नाव रंगवणंच बंद झालं होतं. ‘प्रभारी’ लिहिलेला कागद चिकटवायचे. नवा माणूस आला की जुन्या कागदावर नवा कागद.

शिक्षकाकडून मात्र पात्रतेचा पुरावा कायम मागितला जातो. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचंय. त्या निकालाबद्दल माझं मत वेगळं आहे, ते असो. पण वर्गावरच्या माणसाला पन्नाशीत परीक्षेला बसवायचं आणि तालुक्यातल्या सगळ्या शाळांचा प्रमुख मात्र ‘सध्या तुम्हीच बघा’ म्हणून नेमायचा, हा कुठला न्याय?

पद अचानक रिकामं होतं, असंही नाही. कोण कधी निवृत्त होणार ते नोकरीच्या पहिल्या दिवशीच सेवापुस्तकात कळतं. आमच्या पिढीत तर निम्मे लोक 31 मे रोजीच निवृत्त झाले, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांची जन्मतारीख 1 जून लावलेली! तरीही जून उजाडला की चार्ज कुणाकडे द्यायचा यावर खल सुरू. मग एखाद्या विस्तार अधिकाऱ्याच्या गळ्यात तो पडतो. त्याचं बीट, म्हणजे त्याच्या देखरेखीखालच्या शाळा, केंद्रप्रमुखाकडे जातं, केंद्रप्रमुखाचं केंद्र, म्हणजे त्यातलाच शाळांचा छोटा गट, एखाद्या मुख्याध्यापकाकडे आणि मुख्याध्यापकाचा वर्ग मॉनिटरकडे. विनोद नाही, असा वर्ग मी पाहिलाय.

माझं मत स्पष्ट सांगतो. पद रिकामं राहणं बऱ्याच जणांच्या सोयीचं आहे. नियमित अधिकाऱ्याला बदल्यांच्या 2005 च्या कायद्याने साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ मिळतो. प्रभारी माणसाचा चार्ज एका पत्राने काढता येतो. तो ‘नाही’ कशाच्या जोरावर म्हणणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. तरी निरनिराळ्या सर्वेक्षणांची पत्रं येतात आणि प्रभारी साहेब ती ‘त्वरित कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून खाली ढकलतात. पत्र परत पाठवायला बुडाखालची खुर्ची पक्की लागते.

लायक माणूस म्हणजे कसा, हेही सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एक विस्तार अधिकारी तपासणीला आले होते. गावात तेव्हाही म्हातारी माणसं त्यांना जुन्या सवयीने ‘दिपोटी’च (डेप्युटी) म्हणत. खुर्ची नाकारून ते तिसरीच्या पोरांत बसकरावर बसले. एका मुलाने पाटीवर 42 वजा 17 बरोबर 35 लिहिलं होतं. साहेबांनी चूक म्हटलं नाही, ‘कसं केलंस रे?’ एवढंच विचारलं. पोरगा म्हणाला, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.’ साहेबांनी कोपऱ्यातल्या काड्या मागवल्या, दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या मांडल्या नि एका गठ्ठ्याचं रबर सोडलं. पुढचं पोराने स्वतःच केलं. निघताना शेरेबहीत एकच ओळ: ‘हातच्याआधी गठ्ठा सोडून दाखवा.’ पुढे मी बावीस वर्षं तसंच शिकवलं.

अलीकडच्या एका प्रभारी साहेबांनी पोषण आहाराची नोंदवही पाहिली, यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती भरली का विचारलं, फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि गेले. त्यांना तरी काय बोलणार, त्यांच्याकडे दोन पदांचं काम होतं.

लोकसेवा आयोगातून थेट आलेले तरुण अधिकारी नकोत, असं माझं म्हणणं नाही. त्यांतले काही फार चांगले निघाले. पण खुर्चीत बसवण्याआधी त्यांना निदान एक सत्र दोन शिक्षकी शाळेत शिकवायला लावा. चार इयत्ता दोघांत कशा सांभाळायच्या हे फाईलमध्ये दिसत नाही. पदोन्नतीने येणाऱ्याची निवड करताना ज्येष्ठता यादी बघा, पण त्याच्या केंद्रातली चौथीची मुलं वाचतात का, हेही जाऊन बघा. आणि निवृत्तीच्या सहा महिने आधी पुढचं नाव ठरलेलं असू द्या.

पुढच्या 31 मेला आमच्याकडे आणखी एक विस्तार अधिकारी निवृत्त होत आहेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांचा चार्ज सध्या त्यांच्याकडेच आहे.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे; कृपया छापू नये.)