पाणी तोडणं हा उपाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आपल्या आरोग्य पानावर वृद्धांच्या लघवीच्या त्रासावर लेख आला. या विषयाला हात घातलात याबद्दल आभार, कारण आमच्याकडे यावर कुणी तोंड उघडत नाही. पण 'वयोमानानुसार असे होतेच, पाणी कमी प्यावे' हे वाचून संताप आला. मे महिन्यात आपल्या खानदेशात पारा ४४-४५ वर जातो. तिथे म्हाताऱ्या माणसाला पाणी तोडायला सांगायचं?

माझ्या सासूबाईंनी तेच केलं होतं. उशाशी भरून ठेवलेला तांब्या सकाळी तसाच. पाणी पुढे केलं की म्हणायच्या, 'नको वं माय, उठनं पडस.' भिजलेलं लुगडं कुणाला दिसू नये म्हणून पहाटे अंधारातच धुऊन मागच्या दारी वाळत घालायच्या. लग्नकार्याला जाणं सोडलं. मग लघवी पिवळीजर्द, उग्र वासाची झाली, ताप भरला आणि एका रात्री घरच्यांनाच ओळखेनात. लघवीत संसर्ग झाला होता.

त्याआधी एका डॉक्टरांनी पोटाला हातही न लावता 'वय झालं, डायपर लावा' म्हणून वाटेला लावलं होतं. दुसऱ्यांनी समजावलं की पाणी कमी पडलं तर लघवी दाट होऊन मूत्राशय जास्तच चिडतं, घाई वाढते. त्यांनी लघवी तपासली, साखर तपासली, पोट साफ होतं का विचारलं, गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. त्यात बीपीची एक गोळी लघवी वाढवणारी निघाली, ती रात्री चालू होती. त्यांनी ती सकाळची केली. संध्याकाळनंतर चहा बंद, दिवसा दर दोन तासांनी आठवणीने जाऊन येणं, आणि लघवी रोखताना जे स्नायू आवळतात ते आवळून सोडण्याचा व्यायाम. दोन-चार दिवसांत गुण येत नाही, तीन महिने नेटाने करावं लागतं. आता अंथरूण क्वचितच भिजतं.

पुरुषांत लघवीच्या वाटेभोवतीची प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही आणि थेंब थेंब गळतं. त्याचा इलाज वेगळा. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही!

आणखी एक. ७५ वर्षांपुढच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, चांगलंच आहे. पण आमच्या बसस्थानकावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला बहुतेक वेळा कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नसतं. अशा बाईने दवाखान्यात जायचं तरी कसं? आपला वार्ताहर पाठवून त्याची बातमी छापा, आणि पाण्याबद्दलची दुरुस्तीही त्याच आरोग्य पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत द्या.

आपली,
एक वाचक, अमळनेर