आवाज चढू दे, पण उत्तर ऐकायला थांबा

संपादक महोदय,

संसदेतल्या गोंधळाचा विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणतं, पूर्वीचे नेते कसे एकमेकांशी गोड बोलायचे. मला हे पटत नाही. १९६३ ला नेहरू सरकारवर पहिला अविश्वास ठराव आला तेव्हा समाजवादी खासदार राममनोहर लोहियांनी भर सभागृहात सुनावलं की २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतायत आणि पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये खर्च होतो, याहून झोंबणारं अजून काय असतं, पण नेहरूंनी तीन नाही पंधरा आणे म्हणून उत्तर दिलं, लोहियांनी त्यावर परत आकडे मांडले आणि देशभर त्या आण्यांची चर्चा झाली. भांडण कडाक्याचं होतं पण गरिबाच्या कमाईवर होतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये चांद्रयानावर चर्चा चालू असताना एका सत्ताधारी खासदाराने दुसऱ्या खासदाराला धर्मावरून शिव्या दिल्या. ते शब्द कामकाजातून काढले, पण क्लिप तर सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली, मग काढून उपयोग काय? हल्ली भाषण समोरच्यासाठी नसतंच, क्लिपसाठी असतं असं मला वाटतं आणि याचा मला खरंच राग येतो.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. संसदेत धूर सोडण्याचा प्रकार घडला त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं एवढीच मागणी होती, ती मान्य केली असती तर काय बिघडलं असतं? विरोधकांनीही फलक घेऊन हौद्यात उतरायची गरज नव्हती हे मी तितक्याच जोरात म्हणेन. नुकसान आपलं झालं, कारण भारतीय न्याय संहितेसह तिन्ही फौजदारी कायदे त्याच आठवड्यात बहुतेक विरोधी बाकं रिकामी असताना पास झाले. आपल्याला कुठल्या कलमाखाली धरणार हे ज्यात लिहिलंय त्यावर उलटतपासणी करायला सभागृहात माणसंच नाहीत!

विरोध आणि सहकार्य एकत्र चालू शकतं. १९९४ ला पंतप्रधान नरसिंह रावांनी काश्मीरच्या प्रश्नावर जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांपुढे भारताची बाजू मांडायला विरोधी पक्षनेते वाजपेयींना पाठवलं, म्हणून काही वाजपेयींनी सरकारवर टीका करायचं सोडलं नाही.

लोकसभेचं उपाध्यक्षपद विरोधकांना द्यायची प्रथा आहे, पण १७व्या लोकसभेत ते पद पूर्ण मुदत रिकामंच राहिलं. सरकारने ते विरोधकांना द्यावं, आणि विरोधकांनी प्रश्न विचारल्यावर मंत्र्याचं उत्तर संपेपर्यंत जागेवर बसावं, मग लोहियांसारखं खुशाल फाडून काढावं.

– एक मतदार